बंदूकवाल्याचं नाणं आणि काकूंचं कुंकू

"तुम्ही पैसे विकता, म्हणजे नेमकं काय करता हो?" असं मंडळाच्या गणपतीत एका वहिनींनी मला विचारलं होतं. तेव्हा मी प्रसादाच्या रांगेत होतो आणि मागून लोक ढकलत होते, त्यामुळे नीट सांगता आलं नाही. आता अंकासाठी लिही म्हणालात, तर वहिनी, हे तुमचं उत्तर.

फ्रँकफुर्टमध्ये जुन्या नाण्यांचा लिलाव करणारी एक छोटी पेढी आहे, तिथं मी कामाला आहे. लोक नाणी आणून देतात. वरच्या मजल्यावरची शिकलेली माणसं ती तपासतात, त्यांची वर्णनं लिहितात, आणि मग लिलाव होतो. मी खालच्या खोलीत असतो. नाणं पाकिटातून काढायचं, वजन करायचं, दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा, परत पाकिटात घालायचं. नाण्याला बोट लावायचं ते फक्त कडेला. आणि काही झालं तरी नाणं पुसायचं नाही. जुन्या चांदीवर जो काळपट थर येतो त्यालाच इथं मान आहे. तो गेला की निम्मं नाणं गेलं.

मी मूळचा हुपरीचा. कोल्हापूरजवळ. तिथं घरोघरी चांदीचं काम चालतं. नववीत शाळा सोडली आणि मामाच्या कारखान्यात पैंजणांवर ठसे मारायला बसलो. म्हणजे जो थर इथं जपायचा, तो तिथं घासून काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. सुनीता, माझी बायको, नर्स आहे. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या मागून मी आलो. ती कामाला जायची आणि मी घरात बसून टपालपेटीत काय येतंय याची धास्ती घ्यायचो. सरकारी पाकीट दिसलं की मला वाटायचं, आलं, आता परत पाठवतायत!

पेढीच्या मालकीण फ्राउ ब्रांट यांनी मुलाखतीत शाळेचा दाखला मागितला. मी म्हणालो, "नाही." त्यांनी शिक्षण विचारलं. मी परत म्हणालो, "नाही." एवढंच जर्मन त्या दिवशी तोंडातून निघत होतं. मग त्यांनी मखमलीवर एक नाणं ठेवलं आणि खुणेनं उचलायला सांगितलं. मी दोन बोटांनी कडेला धरून उचललं. उजळलेल्या पैंजणाला डाग पडला की मामा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, त्या भीतीची सवय. फ्राउ ब्रांट म्हणाल्या, "सोमवारी या." त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी अजून जिन्यावर पावलं वाजली की मला वाटतं, दाखला मागायलाच येतायत.

जिन्यावरून बहुतेक वेळा येतात ते हेर वेंत्सेल. वर्णनं लिहिण्याचं काम त्यांचं. निवृत्तीचं वय उलटून गेलेलं, पँटला गॅलिस, खिशात भिंग. कॉफी प्यायला खाली येतात, कारण वरची कॉफी त्यांना पाणचट लागते. माझ्याशी ते सावकाश बोलतात, पण लहान मुलाशी बोलल्यासारखं नाही. हे माझ्यासारख्या माणसाला फार असतं. त्यांचा आवडता शब्द "म्योग्लिश". म्हणजे शक्य आहे. कोणी काहीही सांगितलं तरी ते म्हणणार, म्योग्लिश, आणि भिंग काढणार.

त्यांनीच मला ठसेवाली नाणी दाखवली. दीडदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत बंदुका बनवणारे कारागीर होते. एकेकट्याचं दुकान, एक भट्टी, एक ऐरण. बंदुकीच्या नळीवर आपलं नाव उमटवायला त्यांच्याकडे पोलादी ठसा असायचा. तोच ठसा त्यांच्यातले काही जण चालू नाण्यावर मारायचे. तांब्याचा मोठा सेंट असेल, चांदीचा अर्धा डॉलर असेल, नाहीतर स्पॅनिश राजाचं चांदीचं नाणं असेल. स्पॅनिश नाणीही तेव्हा तिकडच्या बाजारात चालत होती. राजाच्या गालावर बंदूकवाल्याचं नाव! का मारत असतील?

"जाहिरात," हेर वेंत्सेल म्हणाले. "नाणं हातोहात फिरतं. न्हाव्याकडून खानावळीत, खानावळीतून शेतकऱ्याकडे. प्रत्येकाला नाव वाचायला मिळतं."

मी म्हणालो, "आमच्या मामाकडे नवा ठसा आला की पहिला वार तो स्वतःच्या पितळी पानाच्या डब्यावर करायचा. कसा उमटतोय ते बघायला. जे हाताशी असेल त्यावर. तसंही असेल."

"म्योग्लिश," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ त्या पानाच्या डब्याबद्दलच विचारत बसले. त्यात काय काय ठेवतात, सुपारी म्हणजे काय, दात लाल का होतात. तेव्हापासून अशी नाणी आली की ते आधी मला हाक मारतात. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण ठसा सरळ बसला की तिरका, नाणं कशावर ठेवून मारलं, पाठीमागची बाजू किती चपटली, हे बघायला मजा येते. त्या माणसाचा हात दिसतो. तो घाईत होता का, तेही दिसतं.

खोटे ठसेही येतात. एकदा एक सूटबूटवाले गृहस्थ गुळगुळीत झिजलेलं नाणं घेऊन आले. राजाचं नाकसुद्धा उरलं नव्हतं, आणि वरची अक्षरं मात्र बोटाला टोचतील इतकी धारदार. हेर वेंत्सेल त्यांना म्हणाले, "राजा जुना आहे. बंदूकवाला मागच्या आठवड्यातला दिसतो." गृहस्थ हसले नाहीत.

आता खरी गोष्ट.

अभिजितला मंडळातले बरेच जण ओळखत असतील. फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मूळ इचलकरंजीचा. त्याला या बंदूकवाल्यांच्या नाण्यांचा नाद. त्याच्याकडे एक स्पॅनिश चांदीचं नाणं होतं, त्यावर ठसा तिरका बसलेला. सुरुवातीचं एक अक्षर खोल, आणि पुढं नाव उथळ होत होत काळ्या थरात बुडून गेलेलं. पुढचं नाव काय, हे त्याला कित्येक वर्षं कळत नव्हतं. दिवाळीनंतर ते हेर वेंत्सेलना दाखवायचं ठरलं होतं. "दादा, हे एकदा वाचता आलं ना, की बास," असं तो मला दर भेटीत म्हणायचा. मी त्याच्याहून थोडाच मोठा, पण तो दादा म्हणतो, आणि मला त्याचं बरं वाटतं.

त्या दिवाळीला त्याची आई इकडं आली होती. आणि पाडवा झाल्यावर एका दुपारी फ्राउ ब्रांटनी मला वर बोलावलं. दारात स्वेटरवर शाल घेतलेल्या, पायात मुलाचे बूट घातलेल्या काकू उभ्या.

"तूच ना रे हुपरीचा?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना खाली आणलं, खुर्ची दिली. एकट्या आल्या होत्या. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलनं. घराच्या कोपऱ्यापलीकडं त्या तोवर एकट्या गेल्या नव्हत्या.

"तिकीट कसं काढलंत?"

"एक तुर्की बाई होती. तिनं यंत्रातून काढून दिलं. मी मराठीत बोलले, ती तिच्या भाषेत. काही अडलं नाही." मग पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी टेबलावर सोडली. "हे बघ. आणि मला काळं करून दे."

तेच नाणं. पण आरशासारखं लख्ख.

मी म्हणालो, "काकू, हे..."

"लक्ष्मीपूजनाला ठेवलं होतं. घरात तेवढीच एक चांदीची वस्तू दिसली, आणि ती काळी ठिक्कर. टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन घासलं. देवीपुढं कळकट नाणं ठेवतात का? तो ते इतकं जपतो, डबीत कापूस घालून ठेवतो. मला वाटलं, ज्याला इतकं जपतो तेच लक्ष्मीपुढं असावं."

"अभिजित काय म्हणाला?"

काकू शालीचं टोक दुमडत बसल्या. "ओरडला असता तर बरं झालं असतं. सावकाश म्हणाला, 'आई, माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावत जाऊ नकोस.' तेव्हापासून मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या वाटीलासुद्धा हात लावला नाही. तो घरी येतो, दार लावून काम करतो. मी खोलीत बसते. सुनेला सांगितलंय, परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं बघ म्हणून. आता परत काही मी इकडं यायची नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण जायच्या आधी हे होतं तसं करून ठेवायचंय. तुम्ही हुपरीची माणसं चांदी काळी करता, मला ठाऊक आहे. माझ्या ऑक्सिडाइजच्या बांगड्या तिथल्याच."

करता येत होतं. इथंच खरी पंचाईत होती. गंधकाचं औषध, गरम पाणी, आणि हात सरावलेला. चहा होईस्तोवर ते नाणं मी असं काळं केलं असतं की अभिजितनं कदाचित मानलंही असतं. पण जुन्याचं सोंग करून नाणं परत करणं याला या धंद्यात एकच नाव आहे. आणि हे नाणं हेर वेंत्सेलच्या भिंगाखाली जाणार होतं. मी फार प्रामाणिक आहे म्हणून थांबलो असं लिहिलं तर सुनीता हसेल. मी भित्रा आहे म्हणून थांबलो. ज्या हातांवर विश्वास टाकून या लोकांनी बिनदाखल्याचा माणूस ठेवला, त्या हातांनी हे करायचं कसं?

मी सगळं समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तूसुद्धा हात लावणार नाहीस," त्या म्हणाल्या, आणि पर्स उचलली.

मी म्हणालो, "काकू, चहा तरी घ्या." आणि तेवढ्यात कॉफीचा कप घेऊन हेर वेंत्सेल खाली आले.

त्यांनी काकूंना मान लववून नमस्कार केला. मग टेबलाकडं बघितलं. "ओ ये," ते म्हणाले, अगदी हळू. ते मला भाषांतरित करावं लागलं नाही, काकूंना कळलं. त्या एकदम ओशाळल्या. आपलं काम निदान नीट तरी झालेलं असावं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असणार. "अगंबाई, कुंकू राहिलंय की फटींमध्ये," असं म्हणत त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि नाण्याकडं नेला.

"हाल्ट! नाइन! बिटे निष्ट!"

हेर वेंत्सेल ओरडू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. कॉफी सांडली. काकूंचा अंगठा हवेतच राहिला.

त्यांनी दिवा जवळ ओढला, नाणं कडेला धरून तिरकं केलं आणि मला विचारलं, "हे लाल काय आहे?"

मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये लक्ष्मीपूजन सांगायला लागलो. वर्षातून एकदा आम्ही पैशाची पूजा करतो. आधी धुतो, मग हळद आणि कुंकू लावतो. मग फराळ.

"पैशाची? बँकेतल्या?"

"बँकेतल्या नाही. हातातल्या."

"काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

"विचारतायत, पूजा झाल्यावर कुंकू पुसता का?"

खरं तर ते तसं विचारत नव्हते, पण मला तेच जाणून घ्यायचं होतं. काकू म्हणाल्या, "वरवर पुसलं की मी. घाई होती, करंज्या तळायच्या होत्या. आत गेलं ते राहिलं."

आत गेलं ते राहिलं. घासल्यामुळे नाणं पांढरं झालं होतं, आणि ठशाची जी अक्षरं काळ्यावर काळी म्हणून दिसत नव्हती, त्यांच्या उथळ रेघांमध्ये कुंकू बसलं होतं. ते दिव्याच्या उजेडात तिरकं धरलं की बारीक लाल ओळीत वाचता येत होतं. हेर वेंत्सेलनी एकेक अक्षर मोठ्यानं म्हटलं. ई. टॉर्बिक. मग त्यांनी नाणं मखमलीवर ठेवलं आणि भिंग काकूंच्या हातात दिलं. तोवर मी त्यांना ते कुणाच्याच हातात देताना पाहिलं नव्हतं.

काकूंनी वाकून बघितलं. "इंग्रजी मला अक्षरांपुरतंच येतं. पण टी मोडका आहे. त्याचा एक हात तुटलाय."

मी सांगितल्यावर हेर वेंत्सेलनी परत पाहिलं. खरंच होतं. त्या ठशाच्या टी-च्या उजव्या टोकाचा टवका उडालेला होता.

मग त्यांनी अभिजितला फोन लावला. जर्मन माणसं फोनवर कसं बोलतात तुम्हाला माहीत आहे. "आल्झो, तुमच्या मातोश्री इथं आहेत. तुमचं नाणं त्यांनी आणलं आहे. नाणं खराब झालं आहे. या आणि बघा." आणि ठेवला.

काकूंनी मला विचारलं, "काय सांगितलं?"

"या म्हणाले."

"रागावून?"

"नाही हो, त्यांचा आवाजच तसा आहे."

अभिजित येईपर्यंतचा वेळ फार वाईट गेला. काकू रुमालाची घडी घालत होत्या आणि मोडत होत्या. मला वाटत होतं, आपल्या पेढीत आता मायलेकांचं भांडण होणार, मालकीण खाली येणार, आणि हे सगळं माझ्यामुळं. जिन्यावर पावलं वाजली. लॅपटॉपची बॅग खांद्याला, जॅकेटची चेन उघडी, अभिजित दारात. टेबलावर मखमल, मखमलीवर नाणं, त्यावर दिवा. त्यानं तिकडं बघितलंच नाही.

"आई, तू एकटी आलीस? ट्रेननं?"

"आले."

"फलाट कुठला, गाडी कुठली... चुकली असतीस तर?"

"चुकले असते तर विचारलं असतं. तोंड आहे मला."

"आणि हे बूट माझे आहेत."

"त्यांनाही हात लावायचा नव्हता का?"

मी खाली बघायला लागलो. हेर वेंत्सेलना शब्द कळत नव्हते, पण त्यांनीही दुसरीकडं बघितलं. मग हेर वेंत्सेलनी त्याला खुणेनं दिव्यापाशी बोलावलं. तो वाकला. नाणं तिरकं केलं, परत केलं. ओठ हलत होते. इतकी वर्षं ज्या नावासाठी हा माणूस झुरला, ते त्याच्यासमोर कुंकवानं लिहिलेलं होतं.

"वाचता येतंय," तो म्हणाला.

"गेनाऊ," हेर वेंत्सेल म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. आणि त्यांचं ते रोखठोक बोलणं पुढं सुरू झालं, की नाणं म्हणून याची शोभा गेली आहे, ती परत येणार नाही, लिलावात कुणी फारसं विचारणार नाही, वर्णनात "घासलेलं" असं लिहावंच लागेल. अभिजित ऐकत होता. मग तो सरळ उभा राहिला आणि आईकडं वळून म्हणाला, "जेवलीस का?"

आपल्याकडं माफी अशीच मागतात. निदान आमच्या भागात तरी.

"डबा आणलाय," काकू म्हणाल्या. "तू सकाळी न खाता गेलास."

पर्समध्ये नाण्याच्या पुरचुंडीखाली स्टीलचा डबा होता. चकल्या, करंज्या, कडबोळी. माझ्या खोलीत खाद्यपदार्थ आणायला सक्त मनाई आहे. हेर वेंत्सेलनी स्वतः दार लावून घेतलं आणि पहिली चकली उचलली. ती खाताना त्यांनी काकूंना विचारलं, बंदूकवाल्यानं नाण्यावर नाव का मारलं असेल, तुम्हाला काय वाटतं? मी भाषांतर केलं.

काकूंना त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. "भांड्यावर नाव घालतो तसं. शेजारी गेलं तरी परत आपल्या घरी यावं म्हणून."

हेर वेंत्सेलनी चकलीचा उरलेला तुकडा हातात धरून ठेवला. "पण पैसा तर परत येण्यासाठी देत नाहीत," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "म्योग्लिश."

त्यांचे एक जुने ओळखीचे अमेरिकेत बंदुका जमवतात. त्यांना हेर वेंत्सेलनी नावाचा फोटो पाठवला. थंडी सरता सरता उत्तर आलं. एका शिकारी बंदुकीच्या नळीवर तेच नाव, तोच ठसा, आणि टी-चा उजवा हात तुटका. एकाच माणसाच्या ऐरणीवरून एक वस्तू तिकडं राहिली आणि एक फिरत फिरत एश्बॉर्नमध्ये काकूंच्या पूजेत आली. हे कळलं तेव्हा काकू इचलकरंजीला पोचल्या होत्या. ठरल्या तारखेला गेल्या, अलीकडच्या नाही.

ते नाणं अभिजितनं विकलं नाही. मला मात्र अजून हळहळ वाटते. दीडदोनशे वर्षं साठलेला तो थर टूथपेस्टच्या फेसाबरोबर बेसिनमधून गेला. मी काळं करून दिलं नाही हे बरोबरच होतं, पण काकू खुर्चीवरून उठल्या तो क्षण आठवला की वाटतं, हेर वेंत्सेलना त्या दिवशी वरचीच कॉफी आवडली असती तर काय झालं असतं? मग मी त्यांच्या कपात साखर जास्त घालतो.

चांदीचं एक आहे, तिला नुसतं ठेवलं तरी ती आपली आपण काळी होते. आता दर लक्ष्मीपूजनाला अभिजित मला नि सुनीताला एश्बॉर्नला बोलावतो. नाणं ताटात असतं. माझं काम म्हणजे ते कडेला धरून उजेडात बघायचं आणि फोनच्या पडद्यावर वाट बघत बसलेल्या काकूंना सांगायचं, यंदा किती रंग चढला. पहिल्या वर्षी नुसती पिवळसर झाक होती. मागच्या वर्षी कडेला तपकिरी धरायला लागलं होतं. "माझ्या हयातीत काळं होतंय का बघ," काकू म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

मग पूजा झाली. हळद वाहून झाली. अभिजितनं कुंकवाचा करंडा उचलला आणि नाण्यावर हात नेऊन तो थांबला. फोनकडं वळून म्हणाला, "आई, लावू का?"

"लाव की," पडद्यावरून काकू म्हणाल्या. "फक्त पुसू नकोस."